फळीपलीकडून दोन थापा

“आत बसायचं,” आई म्हणाली. “खिडकीशी मी, माझ्या शेजारी तुम्ही. वर पोचेपर्यंत आणि परत खाली येईपर्यंत उठायचं नाही. गाडी घसरली तरी नाही.”

“घसरायला काय झालंय गाडीला?” बाबा दुखावले. छत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांची बोगी एकदाही रुळावरून उतरली नव्हती आणि घरात या विषयावर विनोद चालत नसे.

कळवली स्टेशनच्या फलाटावर आम्ही तिघं उभे होतो. सकाळचे साडेआठ, डिसेंबरची थंडी, समोर देवमाळची छोटी गाडी. निळ्या रंगाच्या चार बोग्या आणि पुढे एक इंजिन. हे इंजिन बघून मोठी माणसं लहान मुलांसारखी हसतात आणि लहान मुलं कंटाळतात. बाबांना निवृत्त होऊन तीन महिने झाले होते. अंगात पांढरा शर्ट, हातात तिकीट. तिकीट त्यांनी असं धरलं होतं, की जणू ते रस्त्यात सापडलंय आणि मूळ मालकाला परत करायचंय.

“काशीदादा, तिकीट काढून?” मागून आवाज आला. नामदेव शिंगवे. तिसऱ्या बोगीवरचा ब्रेकवाला, पन्नाशीला टेकलेला. बाबांच्या हाताखाली शिकलेला आणि निवृत्तीनंतर त्यांचीच बोगी मिळालेला.

“वहिनीला विचार,” बाबा म्हणाले.

“नामदेवभावजी, यांना आज बाहेर बोलवायचं नाही,” आई म्हणाली. “चहा प्यायलासुद्धा नाही.”

नामदेवने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मला एवढंच ठाऊक होतं, की निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी आईला विचारलं, आता काय हवंय? तिने सोनं मागितलं नाही, काशीयात्रा मागितली नाही. म्हणाली, “यांच्याबरोबर गाडीत बसायचंय. एकदा वर, एकदा खाली.” माणसं हसली. बाबा हसले नाहीत. तीन महिने त्यांनी कारणं दिली: पाऊस, गुडघा, गर्दी, पितृपक्ष. शेवटी आईने मला ठाण्याहून बोलावून घेतलं. “दिगू, तू ये. साक्षीला कुणीतरी लागेल,” म्हणाली. मी कॉलेजात इतिहास शिकवतो. साक्षीदार किती बेभरवशाचे असतात हे मी दरवर्षी मुलांना सांगतो, पण आईला ते सांगायचं धाडस झालं नाही.

आईने बोगीतला सगळ्यात मागचा बाक पकडला. तिथे पाठीशी लाकडी फळ्यांची भिंत. भिंतीपलीकडे हात-दीड हाताचा उघडा सज्जा, त्यावर ब्रेकचं लोखंडी चाक आणि चाकाशी उभा नामदेव. भिंतीला खिडकी नाही. आपल्या मागे एक माणूस उभा आहे हे आतल्या प्रवाशांना कळत नाही, आणि आत कोण बसलंय हे त्या माणसालाही दिसत नाही.

“पुढे बसलो असतो,” मी म्हटलं. “देखावा चांगला दिसतो.”

“देखावा बघायला मी आले नाहीये.”

गाडी सुटली. देवमाळची गाडी सुटते म्हणजे फलाट हळूहळू मागे जायला लागतो, इतकंच. पहिल्या मैलात एक कुत्रं आमच्याबरोबर चाललं होतं. मग ते पुढे निघून गेलं.

समोरच्या बाकावर पुण्याचं एक जोडपं होतं. बाई प्रसन्न, गृहस्थ दुर्बीण घेऊन. त्यांनी बाबांना विचारलं, “तुम्ही इथलेच का? कुठल्या बाजूने दरी चांगली दिसते?”

बाबा विचारात पडले. छत्तीस वर्षं, दिवसाला एक वर आणि एक खाली. ते म्हणाले, “डावीकडे की उजवीकडे ते नाही सांगता येणार. मला रूळ दिसायचे. आणि मागच्या बोगीची भिंत.”

“मग इतकी वर्षं तुम्ही काय बघितलंत?”

“बघत नव्हतो. ऐकत होतो.”

गृहस्थांनी दुर्बीण खाली केली. मग बाबांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. बाबा एरवी बोलत नाहीत, पण ब्रेकविषयी विचारलं की थांबतही नाहीत. गाडी चढते ती इंजिनाच्या जोरावर. त्यात ब्रेकवाल्याची मर्दुमकी नाही. खरा खेळ उतरताना. उतारावर बोग्या इंजिनाला ढकलायला लागतात. म्हणून प्रत्येक बोगीवर एक माणूस आणि एक चाक. ड्रायव्हर माणसांना बघत नाही, माणसं ड्रायव्हरला बघत नाहीत. सगळं बोलणं शिट्टीने. एक लांब शिट्टी म्हणजे कसा. दोन आखूड म्हणजे सैल सोडा, आता काळजी नाही. एका माणसाने जरी शिट्टी ऐकूनही चाक धरलं नाही, तरी त्याच्या बोगीचा सगळा भार पुढच्यावर.

“म्हणजे उतरताना चाक सोडून कुठे जाता येत नाही?” बाईंनी विचारलं.

“नाही,” बाबा म्हणाले.

“कशासाठीच नाही?”

बाबा पुन्हा “नाही” म्हणाले, पण या वेळी त्यांनी आईकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर त्या क्षणी फक्त कातळ होता.

चढताना बाबा टिकले. दोनदा उठायला गेले. एकदा सांध्यावर खडखड वेगळी वाटली म्हणून, एकदा नामदेव खोकला म्हणून. दोन्ही वेळा आईने मान न वळवता “अहो” म्हटलं आणि ते बसले. जांभूळटेपचा थांबा गेला. पाणटाकीच्या अलीकडे गाडी एक मोठं वळण घेते. एका बाजूला उभा कडा, दुसऱ्या बाजूला थेट कळवलीपर्यंत उघडी दरी. बोगीतले सगळे “अहाहा” म्हणत एका बाजूला गेले. बाबांनी डोळे मिटून घेतले. आईने हातातला डबा मांडीवर घट्ट धरला. मीच तेवढा दरी बघत होतो. ती खरंच सुंदर होती, आणि आमच्या घरात तिची दखल घेणारा मी एकटा आहे याचं मला जरा अपराध्यासारखं वाटलं.

वर देवमाळला आम्ही तीन तास होतो. लोक पॉइंटांवर गेले, घोड्यांवर बसले, माकडांना चणे देऊन नंतर माकडांविषयी तक्रार करत राहिले. आई स्टेशनजवळच्या बाकावर बसून राहिली. घरून आणलेल्या थालीपिठाचे तीन भाग केले, बाबांना मोठा दिला.

“आपली खोली होती ती तिकडे ना?” मी विचारलं. माझ्या जन्मापर्यंत आईबाबा वरच राहत होते, एवढं मला माहीत होतं.

“होती. आता तिथे चपलांचं दुकान आहे,” आई म्हणाली. “बरं झालं.”

“आई, हे सगळं नक्की कशासाठी चाललंय?”

“खाली जाताना कळेल. वर यायला काय, कुणीही येतं.”

दुपारच्या गाडीला तीच बोगी, तोच मागचा बाक. पुण्याचं जोडपंही तिथेच. माणसं सकाळी मिळालेली जागा संध्याकाळपर्यंत वडिलोपार्जित समजतात. गाडी सुटायच्या आधी आईने पिशवीतून एक घडी काढली. बाबांचं उपरणं. सत्यनारायणाला वापरायचं ते. तिने ते त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि त्याच्या टोकाला आपल्या पदराची गाठ मारली. लग्नात मारतात तशी, पण जरा जास्त जोरात.

“अगं, लोक बघतायत.”

“बघू देत. दरीसुद्धा बघतात फुकटात.”

समोरच्या बाईंना राहवलं नाही. “काही व्रत आहे का?”

“हो.”

“कुठलं?”

“बसायचं,” आई म्हणाली.

गाडी उतरायला लागली, आणि बाबांचे हात त्यांचे राहिले नाहीत. पहिली लांब शिट्टी झाली तसे दोन्ही तळवे मांडीवरून उचलले गेले, हवेत चाकाच्या मापाने गोल झाले आणि उजवीकडे वळले. फळीमागे नामदेवने खरं चाक कसलं. लोखंडाची कुरकुर ऐकू आली. दोन आखूड शिट्ट्या झाल्या, बाबांचे हात उलटे फिरले. समोरचे गृहस्थ आधी हसले, मग प्रत्येक शिट्टीला दरी सोडून बाबांच्या हातांकडे बघायला लागले.

“उशिरा धरतो,” बाबा पुटपुटले. “अर्धा आटा उशिरा.”

“त्याची बोगी आहे आता,” आई म्हणाली.

पाणटाकीला गाडी थांबली. उतरताना इथे आठ-दहा मिनिटं थांबतात. ब्रेकवाले चाकं तपासतात, प्रवासी लिंबूसरबत पितात. बाकीच्यांबरोबर समोरचं जोडपंही खाली उतरलं. बोगीत आम्ही तिघंच उरलो.

“दिगू,” आई म्हणाली, “इथून पुढे दुसरं वळण. तिथे तू झालास.”

मी गाडीत जन्मलो हे मला माहीत होतं. शाळेत त्यावरून चेष्टा व्हायची: ‘म्हणूनच हा सगळीकडे उशिरा येतो.’ आई कळा सुरू झाल्यावर खाली दवाखान्यात निघाली आणि मी दवाखान्यापर्यंत थांबलो नाही, अशी ती गोष्ट होती. बाबा तेव्हा ड्यूटीवर होते, अशीही त्यात एक ओळ होती. ड्यूटी कुठल्या गाडीवर, हे विचारायचं इतिहासाच्या प्राध्यापकाला तेहतीस वर्षांत सुचलं नव्हतं.

“ह्याच बाकावर,” आई म्हणाली. “शेजारी ती फुलवाली चांगुणा, आणि दोन कोण कुठल्या बायका. लुगड्याचा आडोसा धरलेला. आणि हे,” तिने पाठीमागच्या फळीवर बोट टेकवलं, “हे इथे. एवढ्या अंतरावर.”

मी बाबांकडे पाहिलं. ते गाठीकडे बघत होते.

“मी ओरडत होते. त्या फळीवर डोकं आपटत होते. मला वाटलं, आता येतील. आता येतील. तू रडलास, तरी आले नाहीत. जांभूळटेप गेलं, आले नाहीत. कळवलीला गाडी थांबली, चाकाखाली दगड लावले, तेव्हा आले. आणि आल्यावर काय विचारलं ठाऊक आहे?”

“अगं, जाऊ दे.”

“‘गाडीत सांडलंय ते कोण धुणार?’”

त्या प्रसंगी हसायला नको होतं. मी खिडकीबाहेर तोंड वळवलं.

“मला काही सुचेना म्हणून विचारलं,” बाबा म्हणाले. “तुला सांगतो, वळणावर लांब शिट्टी झाली आणि हा रडला, दोन्ही एकाच वेळी. मी चाक सोडलं असतं तर सगळी गाडी… तूसुद्धा होतीस तिच्यात.”

“ते मला कळतं. मी अडाणी नाही. चाक सोडा असं मी कधी म्हटलं? मी म्हणते, एक हाक मारायची. हाकेला हात लागत नाहीत. मला आतून वाटत होतं, पलीकडे कुणी नाहीच.”

बाबांनी उपरण्याची घडी सारखी केली. मग म्हणाले, “हाक नाही मारली. आवाजच फुटेना. पण थाप मारली होती. फळीवर.”

“काय?”

“दोन. सैल सोडायच्या शिट्ट्या असतात तशा. म्हटलं, तुला कळेल. आता काळजी नाही म्हणून.”

“खोटं.”

“देवाशप्पथ.”

“तेहतीस वर्षांत कधी बोलला नाहीत ते?”

“तू विचारलं नाहीस. मला वाटलं, ऐकू गेली असेल.”

आई त्यांच्याकडे बघत राहिली. घाटातल्या बाजारात ती पाटीतले आंबे असे बघते: वास घेत, पण हात न लावता. मग तिने गाठीला हात घातला. घट्ट बसली होती, दातांनी सोडवावी लागली.

“जा,” ती म्हणाली.

“कुठे?”

“पलीकडे. नामदेवभावजींच्या शेजारी उभे राहा. दुसऱ्या वळणावर थाप मारा. दोन. तेव्हा मारल्या तशाच, जास्त जोरात नाही. मी इथे बसते. बघू ऐकू येते का.”

“आणि नाही आली तर?”

“तर तेव्हाही आली नव्हती, हे तरी ठरेल. माझा राग फुकट होता की नाही, ते मला एकदा ठरवायचंय.”

बाबा उठले. सकाळपासून पहिल्यांदा, आणि परवानगीने. खाली उतरून मागच्या सज्ज्याकडे गेले. नामदेवचा आवाज आला, “दादा, नियमात…” आणि मग बाबांचा, “नियम मला शिकवतोस?”

पुण्याचं जोडपं सरबत पिऊन परत आलं. “आजोबा कुठे गेले?” बाईंनी विचारलं.

“व्रताचं उद्यापन आहे,” मी म्हणालो.

गाडी हलली. आईने उजवा तळवा फळीवर सपाट टेकवला, कान त्याच्याजवळ नेला आणि डोळे मिटले. मीही तिच्या शेजारी फळीला कान लावला. साक्षीदार म्हणूनच तर मला आणलं होतं. पहिलं वळण गेलं. फळीतून चाकांची घरघर येत होती, साखळ्यांचा खडखडाट, खिळ्यांची थरथर. नीट ऐकलं तर त्यात काहीही ऐकू आलं असतं. दुसरं वळण आलं. दरी उघडली. सगळे “अहाहा” म्हणाले. पुढे इंजिनाने लांब शिट्टी दिली. फळीमागे लोखंड कुरकुरलं, अर्धा आटासुद्धा उशीर न होता. गाडी कड्याला घासल्यासारखी हळूहळू वळली. मी कान आणखी दाबून ऐकत होतो.

वळण संपलं. आईने डोळे उघडले. तळव्यावर फळीचे वळ उठले होते. तिने तळवा पदराला पुसला आणि डबा उघडून उरलेल्या थालीपिठाचा तुकडा खायला घेतला.

जांभूळटेपला गाडी थांबली तसे बाबा खिडकीशी आले. आत नाही आले, खिडकीच्या बाहेरच उभे राहिले. कपाळावर डिसेंबरात घाम.

“ऐकू आलं?” त्यांनी विचारलं.

“आलं की.”

“काय आलं?”

“थापा. दोन.”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा खालचा ओठ एकदा हलला.

“पहिली जरा हळू होती,” आई म्हणाली. “दुसरी नीट.”

“हं,” बाबा म्हणाले.

“मग तेव्हाही मारल्याच असतील. आत बायकांचा गोंधळ, त्यात हा भोकाड पसरलेला. कुठून ऐकू येणार? या आत. गाडी सुटेल.”

बाबा आत येऊन बसले. खाली पोचेपर्यंत आणखी पाच-सहा शिट्ट्या झाल्या. त्यांचे हात मांडीवरच राहिले. उपरण्याचं टोक त्यांनी स्वतः उचलून आईच्या मांडीवर ठेवलं. तिने न बघता गाठ मारली. या वेळी सैलसर.

मला काही ऐकू आलं नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. माझा कान तिच्या कानापासून वीतभर अंतरावर होता. पण मला तिच्याइतकं ऐकायचंही नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

कळवलीला उतरल्यावर ते दोघं पुढे गेले. मी नामदेवचे आभार मानायला मागे थांबलो. तो सज्ज्यात बसून मनगट चोळत होता.

“तुम्हाला त्रास दिला आज,” मी म्हटलं.

“मला कसला त्रास? मी नुसता उभा. दादांनी चाकाला हातच लावू दिला नाही,” नामदेव हसला. “वळणावर शिट्टी झाली मात्र, मला खांद्यानं बाजूला केलं आणि दोन्ही हातांनी चाक धरलं. जांभूळटेप येईपर्यंत सोडलं नाही. मी म्हटलं, दादा, सोडा आता. तर म्हणतात, शिट्टी कुठे झाली सोडायची?”

“मधे फळीवर थाप मारली असेल ना त्यांनी?”

“थाप?” नामदेव माझ्याकडे बघायला लागला. “कुठल्या हातानं?”

फलाटाच्या टोकाला आई पुढे आणि बाबा अर्धं पाऊल मागे चालले होते. पदर तोकडा होता, त्यामुळे बाबांना तिच्याच चालीने चालावं लागत होतं. समोरून येणारी माणसं बाजूला होऊन वाट देत होती. गाठ सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं होतं. मी नामदेवला म्हटलं, हे कुणाला सांगू नका. तो म्हणाला, काय सांगू नको? मी म्हटलं, तेच.

याला आता सतरा वर्षं झाली. कळवलीच्या घरी गेलो की मला अजून एक गोष्ट बघायला मिळते. बाबा बाहेरून आले, अगदी कोपऱ्यावरून कोथिंबीर घेऊन आले, तरी उंबऱ्याशी थांबतात आणि दाराच्या फळीवर दोन थापा मारतात. स्वयंपाकघरातून आई ओरडते, “आलं ऐकू!”

दार दिवसभर उघडंच असतं.